गोळी की छर्रे?

शेजारच्या गावात दरोडा पडला, तसे इनामदार त्र्यंबकराव नवीकोरी दुनळी बंदूक घेऊन सदरेवर बसले. म्हाताऱ्या पहारेकऱ्याला त्यांनी दरडावलं, "भिवबा, घर राखायला गोळी बरी की छर्रे? चुकलास तर उद्यापासून दुसरं दार बघ!"

पंधरा दिवस गिळलेला राग भिवबाच्या ओठांवर आला.

"गोळी भिंतीतनं आरपार जाऊन आपल्याच माणसाला लागंल, सरकार. छर्रे पांगतील, देव्हाऱ्यातला बाळकृष्णबी सुटायचा न्हाई."

"मग भरू तरी काय?"

"मीठ."

इनामदार पोट धरून हसले. "बंदुकीत मीठ?"

"बंदुकीत नव्हं, आमच्या कालवणात! महागलं म्हणून पंधरा दिस तुमी ते बंद केलंय. दरोडेखोर आल्यावर आमी जागायचं कुणाच्या मिठाला?"

त्या संध्याकाळी पहारेकऱ्यांचं कालवण चक्क खारट झालं होतं.