बावीस चाली तोंडपाठ

“बावीस चाली तोंडपाठ आहेत चाचा, आता आणखी काय बघायचंय?”

ऋत्विज पाटणकरनं हे विचारलं तेव्हा रसूलचाचा मुजावर बशीत चहा ओतत होते. सतारींना तारा चढवणारा हा मिरजेचा म्हातारा चाळीस वर्षं पोरांना बुद्धिबळ शिकवतोय. फी म्हणाल तर एक पान.

शेवटच्या फेरीला अर्धा तास होता. ही जिंकली तर ऋत्विज राज्याच्या संघात. दोन वर्षं अर्ध्या गुणानं हुकलेला, आणि वयोगटातलं हे शेवटचं वर्ष.

मी मांडवाचं कापड दिलेला दुकानदार, म्हणून त्यांच्या बाकावर मलाही जागा.

“समोर कोण आहे?” चाचांनी विचारलं.

“कुणी का असेना! ओपनिंग माझी आहे.”

“मांड तर.”

पट मांडला. ऋत्विज पांढरा. बोलता बोलता चाली टाकत होता, माझ्याकडे बघत.

“शेठ, इथं भलेभले फसतात बरं!”

चाचा पुस्तकातलीच उत्तरं देत होते. सातव्या चालीला त्यांनी किल्लेकोट केला. राजा कोपऱ्याकडे, हत्ती त्याच्या अलीकडे, एका हाताच्या झपाट्यात.

आठवी. नववी. दहावी. अकरावी.

चाचा थांबले.

“खेळा की चाचा.”

“कशानं खेळू?”

त्यांनी डावी मूठ उघडली. तळहातावर काळा राजा.

...

ऋत्विजनं पटाकडे पाहिलं. हत्तीशेजारचं घर रिकामं होतं.

“केव्हा... केव्हा उचललात?”

“किल्लेकोट करताना.”

म्हणजे चार चाली! राजाच नसलेल्या फौजेशी पोरगा चार चाली लढत होता. अहो, मापताना कुणी गजामागं बोटभर कापड मारलं तर मी रस्त्यापलीकडून ओळखतो. शपथेवर सांगतो, मलाही दिसलं नाही. हातातला चहा हातातच राहिला.

मांडवात घंटा झाली. नावं पुकारू लागले.

ऋत्विज उठला. मागं वळला.

“चाचा... माझी कुठली चाल चुकली?”

चाचांनी राजा पटावर ठेवला, बशी तोंडाला लावली.

“एकही नाही, बेटा.”