सातव्याची ओळ

सर्व्हरच्या आयुष्याने मोजलं, तर कैक पिढ्यांमागची गोष्ट. एका क्लाउडवर सगळे सर्व्हर एकाच साच्यातून जन्मत, आणि तो साचा कसा घडवायचा ते कोडच्या एका फाइलीत लिहिलेलं असे.

दुपार झाली की कामाच्या नोंदी साचून सर्व्हरांचा जीव गुदमरे. एकदा इंजिनिअर मृण्मयीने सातव्या सर्व्हरमध्ये शिरून जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातील अशी सोय केली. सातवा मोकळा झाला. बाकीचे कोसळतच राहिले, आणि त्यांच्या जागी येणारे नवेही.

सातव्याला ते बघवेना. तो फाइलीला म्हणाला, "मावशी, माझ्यातली सोय तुझ्यात उतरवून घे."

"मृण्मयीला सांगून घेते. पण मग साचा बदलेल रे, आणि जुन्या साच्याचे सगळे बंद होतील. तूसुद्धा."

सातव्याने शेजारी कोसळणाऱ्या सर्व्हरकडे पाहिलं. मग म्हणाला, "घे."

नवे सर्व्हर जन्मले. दुपार आली आणि कुणीच कोसळलं नाही. नव्या सातव्याने विचारलं, "मावशी, तुझ्यातली ही नोंदी पुसायची ओळ कुणी दिली?"

मावशीने सांगितलं.

तेव्हापासून प्रत्येक पिढीतला सातवा रोज दुपारी सगळ्या जुन्या नोंदी पुसतो, एक तेवढी राखतो: "दादा, आजही श्वास नीट चालला."