हाक न मारायचा खडक

"नाव सांगा आजी, नाहीतर पाटीवर टकर टेकडीच राहील," कचेरीतून आलेले देवरेसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

"राहू द्या. टकर मेला, त्याची कुठं झोपमोड होणाराय?" जेमतीबाईनं फटकारलं. तिचे गुडघे ठणकत होते. याआधी दोन साहेबांना तिनं हेच सांगितलं होतं.

कुंडवडच्या उजाड माळावर हा एकच टेकडीएवढा काळा खडक, कुशीवर निजलेल्या माणसासारखा. धरणीच्या भेगेत तापलेला रस शिरून थिजला, भोवतीची मऊ जमीन वाऱ्यापावसानं नेली नि हा उरला, असं देवरेसाहेबांचं म्हणणं.

"आम्ही दुसरं काय सांगतो? बाकीचे गेले, ही राहिली," असं म्हणून जेमतीबाईनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सात वर्षं पाऊस नव्हता, असं सांगतात. भिलांचं एक कुळ पाणी हुडकत निघालं. पाय मोडलेला म्हातारा, ओली बाळंतीण, आंधळी आत्या, सगळ्यांना एकाच बाईनं पाठीवर वाहिलं. एकाला पुढं ठेवायचं, मागं फिरायचं, दुसऱ्याला आणायचं. बाकीचे ती वाट एकदा चालले, ही कितीकदा ते कुणी मोजलं नाही. नदी दिसली तसे सगळे धावले. ही इथंच आडवी झाली. "घडीभर पडते, हाक मारू नका," एवढंच म्हणाली म्हणे. पाणी पिऊन माणसं परत आली, तर बाई नव्हती, हा दगड होता.

म्हणून आजही खडकावर कुणी पाय देत नाही. वरातीचा ढोल माळाच्या कडेलाच थांबतो. तिचं नाव खडकापाशी कुणी उच्चारत नाही. सासू सुनेला नदीपलीकडं नेते आणि कानात सांगते. मोजणीला आलेल्या टकर नावाच्या गोऱ्या साहेबानं खडकाचं नाव विचारलं, तेव्हा अख्खा पाडा मुका उभा राहिला. त्यानं वैतागून नकाशावर स्वतःचंच लिहून टाकलं.

"मग चला, नदीपलीकडं सांगा," देवरेसाहेब म्हणाले.

"आणि पाटी लावाल इथंच ना? येणारा-जाणारा मोठ्यानं वाचेल."

"तुमच्या पणतवंडांना शाळेत टकरच शिकवतील, आजी. चालेल?"

ते मात्र तिला लागलं. मग तिनं साहेबांच्या कागदावर बोट ठेवलं.

"टकर खोडा," ती म्हणाली, "आणि लिहा, इथं एक बाई दमून निजलीय, हळू बोला."