एकशे अठ्ठावीस चिंचोके

“या वर्गात कुणीतरी खोटे आकडे लिहिले आहेत. ज्यानं लिहिले त्यानं उभं राहावं. नाहीतर उद्या प्रात्यक्षिक परीक्षेला मी त्याला बसू देणार नाही.”

एका तालुक्याच्या गावी एक शाळा होती. तिथे कोटणीस सर बारावीला रसायनशास्त्र शिकवत. त्यांच्या टेबलावर वीस प्रयोगवह्या होत्या. एकोणीस वह्यांत आकडे सारखे होते. एका वहीत वेगळे.

प्रयोग अर्धायुकालाचा होता. किरणोत्सारी पदार्थातले अणू फुटत जातात. ते निम्मे उरायला लागणारा वेळ म्हणजे त्याचा अर्धायुकाल. असा पदार्थ शाळेत कुठून आणणार? म्हणून दुभंगलेले चिंचोके घ्यायचे. एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. सगळे एकदम फेकायचे. पांढरी बाजू वर आली की तो अणू फुटला, तो काढून टाकायचा. उरलेले मोजायचे आणि पुन्हा फेकायचे. सरांनी केलेला तक्ता भिंतीवर लावलेला होता: १२८, ६४, ३२, १६. प्रत्येक फेकीला निम्मे. म्हणजे अर्धायुकाल एक फेक.

तरन्नुम मुलाणीच्या वहीत होतं: १२८, ८४, ५४, ३६.

“माफी मागून टाक गं,” शेजारची मैत्रीण कुजबुजली. “वर्ष जाईल.”

तरन्नुम उभी राहिली. “सर, वेगळे आकडे माझे आहेत. खोटे नाहीत.”

“मग बाकीचे एकोणीस खोटे, आणि तू एकटी शहाणी?”

“ते मला माहीत नाही, सर. मी तीनदा फेकून बघितलं.”

“इथे फेक. सगळ्यांसमोर. निम्मे उरले तर वही ठेवायची आणि घरी जायचं.”

मुलं टेबलाभोवती जमली. तिनं एकशे अठ्ठावीस चिंचोके डब्यात खळखळ हलवले आणि टेबलावर पालथे केले. पांढरे बाजूला झाले. उरलेले निनाद मोठ्यानं मोजू लागला. त्याची वही वर्गात सर्वांत नीटनेटकी होती.

“बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट...” निनाद थांबला. समोर अजून तपकिरी चिंचोके पडलेले होते.

“मोज,” सर म्हणाले.

“...त्र्याऐंशी.” निनादचा आवाज उतरला. “सर, तिची फेकायचीच काहीतरी लकब आहे.”

सरांनी डबा स्वतःकडे ओढला. सगळे चिंचोके भरले आणि फेकले. शहाऐंशी उरले. ते पुन्हा फेकले. सत्तावन्न.

उद्या बाहेरचे परीक्षक येणार होते. तक्ता भिंतीवर तसाच ठेवायचा, तर त्याच्या बाजूनं एकोणीस वह्या होत्या. खोटी ठरायला एक मुलगी पुरेशी होती.

सर भिंतीपाशी गेले आणि त्यांनी तक्ता उतरवला.

“पुस्तकातला प्रयोग नाण्यांचा आहे. नाणं निम्म्या वेळा छापा पडतं. आपल्याकडे तेवढी नाणी नव्हती, म्हणून मी चिंचोके आणले. आकडे मात्र नाण्यांचेच लिहिले. चौदा वर्षांत एकदाही फेकून पाहिलं नाही. खोटे आकडे माझे आहेत. तुम्ही एकोणीस जणांनी ते नुसते उतरवलेत.”

एकोणीस माना खाली गेल्या.

“आता प्रत्येकानं फेकायचं. मोजल्याशिवाय कुणीही घरी जायचं नाही. तरन्नुम, तुझा अर्धायुकाल किती आला होता?”

“दीड फेकीच्या थोडा पुढे, सर.”

सरांनी फळ्यावर तेच लिहिलं.

तात्पर्य: आकडा तक्त्याशी जुळला नाही, तर माणसाला खोटं ठरवण्याआधी आपण स्वतः मोजून पाहावं, एकोणीस जणांनी एकच चूक लिहिली म्हणून ती खरी होत नाही. खाली सांडलेले चिंचोके वेचत शाळेचे शिपाई सोपानमामा सरांना म्हणालेच, “मला विचारायचं होतंत की. पटावर चिंचोक्यांनी दान टाकणारं आमच्या आळीतलं कुठलंही पोर सांगेल, चिंचोका काही निम्म्यानं पांढरा पडत नाही.”