मागून खाल्लेले पिठले

एका तालुक्याच्या गावी चर्चचे एक वृद्ध पाळक होते. त्यांच्या हाताखाली मंडळीची सेवा शिकावी म्हणून नथानेल नावाचा एक मनुष्य टपालखात्यातली नोकरी सोडून आला. स्वभावाने उमदा आणि कामाला वाघ. सहा महिन्यांत त्याने चर्चमधली बहुतेक कामे अंगावर घेतली. आजाऱ्यांना दवाखान्यात नेणे, झाडलोट, पाणी भरणे, जिथे पाहावे तिथे नथानेल.

त्या मंडळीत सलोमीबाई नावाची एक विधवा होती. गेली तीस वर्षे उपासनेआधी सतरंज्या अंथरण्याचे काम तिचे. नथानेलने पहिल्याच रविवारी तिच्या हातातली सतरंजी प्रेमाने काढून घेतली, तिच्यासाठी पंख्याखाली खुर्ची मांडली आणि आजींनी आता नुसते बसायचे, असे सांगितले. सगळ्यांना त्याचे कौतुक वाटले.

पुढे सलोमीबाई उपासनेला येईनाशी झाली. गुडघे दुखतात, एवढाच निरोप आला. चार रविवार खुर्ची रिकामी राहिली, तेव्हा पाळक एका दुपारी नथानेलला घेऊन तिच्या घरी गेले. नथानेलने गुडघ्यांना लावायचे तेल आणि पपई बरोबर घेतली होती.

सलोमीबाईने दोघांना बसायला घातले. तेल पाहिले, पपई पाहिली, "ठेवा तिथं," म्हणाली आणि भिंतीकडे पाहत राहिली. प्रार्थना झाली. तरी तिचा चेहरा काही उजळेना.

मग पाळक म्हणाले, "बाई, तुमच्या हातचं पिठलं खाऊन फार दिवस झाले. आज करता का?"

नथानेल चपापला. तासाभरापूर्वीच पाळक त्याच्याच घरी पोटभर जेवले होते. आजारी बाईला धीर द्यायला यायचे आणि तिलाच चुलीपुढे बसवायचे, हे त्याला विपरीत वाटले. "मी करतो, आजी," म्हणत तो उठला; पण पाळकांनी सदऱ्याचे टोक धरून त्याला खाली बसवले.

सलोमीबाई मात्र उठली होती. गुडघ्यावर हात टेकून उठली खरी, पण उठली. तिने डब्यातले पीठ काढले, फोडणी दिली, आणि नथानेलला कांदा चिरायला देऊन तो जाड चिरल्याबद्दल दोन शब्दही सुनावले. पिठले शिजेपर्यंत तिने गावातल्या तीन लग्नांची हकीकत सांगितली. पाळकांनी दोनदा मागून घेतले.

परतताना नथानेलला राहवले नाही. पोटात जागा नसताना हे का, असे त्याने विचारले.

पाळक रस्त्यात थांबले. "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हे आपण नेहमी सांगतो. पण त्याच प्रभूने विहिरीवर एका परक्या बाईकडे प्यायला पाणी मागितलं, ते सांगायचं राहून जातं. मागणं ही सुद्धा सेवाच आहे, नथानेल. तू त्या बाईचं ओझं उतरवलंस असं तुला वाटलं. ते ओझं नव्हतं, तिची जागा होती. सगळ्यांना देणारा आणि कुणाकडून काहीच न घेणारा माणूस नकळत मालक होऊन बसतो."

नथानेल पाळकांना तिथेच सोडून झपाझपा मागे फिरला. सलोमीबाई दारातच भांडी घासत होती.

"आजी, माझं चुकलं," तो म्हणाला. "रविवारी याल? सतरंज्या माझ्याकडून नीट बसत नाहीत."

तिने मान वर केली नाही. "मला दिसतंय ते सहा महिने," ती म्हणाली. "लवकर येऊन एक टोक धरायचं. मधे बोलायचं नाही."

त्या रविवारी उपासनेला दहा मिनिटे उशीर झाला. माणसे दाराशी खोळंबली होती. आत सलोमीबाई एकेक सुरकुती हाताने सारखी करत होती, नथानेल मुकाट्याने दुसरे टोक धरून उभा होता, आणि पाळक घंटेची दोरी हातात घेऊन स्वस्थ वाट पाहत होते.