मऊ पाठीचे राजे

फार पूर्वी एका खाडीच्या दोन काठांवर खेकड्यांची दोन राज्यं होती. अलीकडे तांबड्यांचं, पलीकडे निळ्यांचं. एके सकाळी तांबड्यांच्या राजाचं जुनं कवच गळून पडलं. नवं अजून लोण्यासारखं मऊ होतं. त्याला वाटलं, निळ्यांना हे कळलं तर ते चालून येतील!

त्याने पाठीला चिखल फासला आणि बिळाबाहेर येऊन गर्जना केली, “निळे आपला काठ बळकावणार आहेत! त्याआधी आपणच तुटून पडू! चला!”

काठ दणाणला. हजारो नांग्या कडकड वाजल्या. म्हातारी भिवरा खेकडीण ओरडत होती, “अरे, पण त्यांना येताना पाहिलं कुणी?” तिचा लेकही तिला ओलांडून पुढे धावला.

पलीकडूनही निळ्यांचं सैन्य निघालंच होतं. ओहोटीच्या वाळूवर दोन्ही सैन्यं भिडली. नांग्या तुटल्या, पाय उडाले. त्या रेटारेटीत दोन्ही राजे एकमेकांवर आदळले. तांबड्याने नांगी मारली, तर निळ्याची पाठ दबली आणि तांबड्याची स्वतःची नांगीही वाकली.

“तूही मऊ?” निळा राजा दचकून म्हणाला. “मला वाटलं, माझी पाठ मऊ झाल्याचं तुला कळलं, म्हणून मीच आधी निघालो!”

“थांबा! थांबा!” दोघंही ओरडले.

लढाई थांबली. भिवराला तिचा लेक वाळूत उताणा सापडला. तो हलत नव्हता.

“चार दिवस बिळात बसला असतात,” ती दोन्ही राजांना म्हणाली, “तर तुमच्या पाठी आपोआप टणक झाल्या असत्या.”

भरतीचं पाणी चढू लागलं, तशी ती लेकाला ओढत काठाकडे निघाली.