शिरखारचं कुंकू

कासार लोक शिरखार गावाचं नाव फार आवडीनं घेतात. इतर गावांत नवरा गेला की कासाराचं एक गिऱ्हाईक कायमचं तुटतं, शिरखारात तुटत नाही. बाई चाळिशीची असो की ऐंशीची, नवरा असो की नसो, हातात हिरव्या बांगड्या आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. परक्या माणसाला इथं सवाशीण कोण आणि विधवा कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. कळू नये, म्हणूनच तर हे सगळं झालं.

मागे एकदा पेणकडचा एक नवखा कासार पेटी घेऊन आला. बायका ओट्यावर येऊन बसल्या. अमुक म्हातारीचा धनी नुकताच गेलाय, असं कुणीतरी त्याच्या कानात घातलं होतं. त्यानं आपल्या शहाणपणानं तिला वगळून पुढचीचा हात धरला. म्हातारी शांतपणे म्हणाली, "का रं दादा, माझा हात तुला दिसला नाय? का त्या फिरंग्याचा नातलग लागतोस तू?" बायका पोट धरून हसल्या. पोरगं पार ओशाळलं. मग त्याला खाडीच्या बांधावर नेलं, शेंदूर फासलेल्या खारदेवाच्या दगडापाशी बसवलं आणि धाकुबाईची हकीकत सांगितली. आल्यागेल्याला ती इथंच बसून सांगतात.

वसईवर फिरंग्याचं निशाण होतं तेव्हाची ही गोष्ट. शिरखार म्हणजे मिठागरं. भरतीचं पाणी उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या दाराच्या, फळ्या उचलून आत घ्यायचं, वाफ्यांत कोंडायचं, उन्हावर सोडायचं, की चैत्र-वैशाखात पांढऱ्याशुभ्र राशी उभ्या राहतात. राशी आगऱ्यांनी घालायच्या आणि गलबतं फिरंग्यानं भरायची, असा तो न्याय. लोक तेवढंही सोसत होते. सोसवत नव्हता तो दुसराच कायदा. बाप मेला की त्याचं पोर पोर्तुगालच्या राजाचं. आई जिवंत असली तरी ती धरायची नाही. शिपाई यायचे, पोर उचलायचे, किल्ल्यात पाद्रीबाबाच्या हवाली करायचे. पुढं त्याचं नाव दुसरं, देव दुसरा, आणि आई रस्त्यात भेटली तर ओळख द्यायची नाही. आता बघा, ज्या आईनं नऊ महिने पोटात वागवलं ती जिवंत उभी असताना पोराला पोरकं ठरवायचं, ही अक्कल कोणत्या बाजारात मिळत असेल?

धाकुबाई ही पदाजी आगऱ्याची बायको. मथी नावाची एकच मुलगी, नुकती नीट बोलू लागलेली. एका सकाळी बांधाची डागडुजी करताना पदाजीला साप डसला आणि ऊन चढायच्या आत तो गेला म्हणे. बायका रीतीप्रमाणे धाकुबाईच्या बांगड्या फोडायला आल्या. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. तिला दिसत होती ती फक्त मथी. माझं कपाळ उघडं दिसलं की शिपाई दारात, असं ती म्हणाली. मेलेल्याच्या नावानं कुंकू लावायचं म्हणजे पाप, असं हाशा पाटील पुटपुटला. हा गावचा पुढारी, रीतभात सांभाळणारा. तेव्हा धाकुबाईची सासू नागूबाय पुढं झाली. ती स्वतः ऐन तारुण्यात विधवा झालेली, पदाजी तेव्हा अंगावर पीत होता. तिचं पोर कसं वाचलं म्हणाल, तर ती तेव्हा माहेरी होती, फिरंग्याच्या हद्दीपलीकडे. पाप लागलं तर मला लागेल, एवढंच ती बोलली.

गावानं मरण लपवलं. कुणी गळा काढला नाही. चितेचा धूर दिसला तो भाताचा तूस जाळल्याचा, असं सांगितलं. पदाजीचं फावडं रोज सकाळी बांधावर उभं असे, जणू धनी आत्ताच पाणी प्यायला गेलाय. धाकुबाई रोज आरशासमोर कुंकू लावी आणि तिच्या मनात एकच विचार येई : स्वतःच्या माणसासाठी रडायलाही परक्याला भ्यायचं? दुःखाच्या जागी तिच्यात हळूहळू दुसरंच काही साठत गेलं.

एवढं सगळं जमलं, पण दहावा काही सोडवेना. कावळ्याला घास न घालता माणूस कसा पोचवायचा? गावकरी खाडीच्या वळणावर, तिवरांच्या झाडीच्या आडोशाला गेले आणि केळीच्या पानावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. मिठागर तुझ्या नावानं चालवू, असं हाशा पाटलानं कबूल केलं. कावळा फांदीवर बसून राहिला. म्हातारीला सांभाळू, घर शाकारू, सगळं कबूल करून झालं. खाडीला भरती लागत होती आणि कुणाचा पाय निघत नव्हता. शेवटी बायकांतून धाकुबाई पुढं आली आणि हात जोडून म्हणाली, "मथी कुठं जाणार नाय. माझा जीव गेला तरी नाय." तसा कावळा उतरला, असं सांगतात.

पण उशीर झाला होता. भरतीबरोबर किल्ल्यावरच्या फिरंगी कपितानाचा, गासपारचा, मचवा वळणावर आला. माणसं तिवरांत पांगली, पान मात्र तिथंच राहिलं. कपितानाला एक गोष्ट कळली की या गावात माणूस मेलाय आणि लपवलाय. कोण, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. शिपाई घेऊन कपितान बांधावर आला आणि सगळ्या बायकांना पोरांसकट बोलावून घेतलं. बाप्यांना मिठागरात बंदुकांच्या धाकात बसवलं. नुसतं दिसेल ते पोर उचलावं, तर ते त्याला परवडणारं नव्हतं. बाप असलेल्या पोराला हात लावला तर आगरी घरंदारं टाकून पलीकडच्या मुलखात जातील आणि मिठागरं ओस पडतील, एवढा हिशेब त्याला कळत होता. त्याच्याबरोबर एक दुभाषा होता, इथल्याच मातीतला, आपल्या माणसांची नाडी ओळखणारा. त्यानं कपितानाच्या कानात सांगितलं, की साहेब, तुम्ही शोधू नका, या बायकाच तुम्हाला दाखवतील. आणि तो म्हाताऱ्या विधवांकडे वळला.

"आईंनो," तो मायेनं म्हणाला, "तुम्ही जन्मभर कोरड्या कपाळानं राहिलात. लग्नाकार्यात मागं उभ्या राहिलात. आणि आज तुमच्यातच एक जण नवरा जाळून कुंकू मिरवतेय. हे तुम्हाला चालतं? ती कोण, तेवढं दाखवा."

 धाकुबाईनं मथीला पायांशी घट्ट धरलं होतं. तेवढ्यात घोळक्यातून नागूबाय निघाली आणि सरळ तिच्या रोखानं चालू लागली. ज्या सासूनं पाप अंगावर घेतलं होतं तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी असं काही होतं, की धाकुबाईला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचं कोरडं कपाळ आता माझ्यावर सूड उगवणार. तिनं डोळे मिटले. नागूबाय तिच्या अंगाला घासून पुढं गेली आणि खारदेवाच्या दगडापाशी थांबली. अंगठ्यानं देवाचा शेंदूर खरवडला आणि तो स्वतःच्या कपाळावर, भुवईपासून केसांपर्यंत ओढला.

मग दुसरी विधवा उठली. मग तिसरी. एकीला दगडापर्यंत वाकवेना, तिला दुसरीनं लावला. देवाचा दगड बोडका झाला, पण गावात कोरडं कपाळ उरलं नाही.

नागूबाय दुभाष्याला म्हणाली, "सांग तुझ्या धन्याला. या गावात कुनाचा नवरा मेलेला नाय."

कपितान संतापला. नाव सांगेपर्यंत या राशींतला दाणाही तुमचा नाही आणि तांदळाचं गलबत खाडीत शिरणार नाही, असं त्यानं दुभाष्याकडून बजावलं. अमावास्येचं उधाण भर दुपारी बांधाच्या काठोकाठ आलं होतं. धाकुबाईनं मथीला नागूबायच्या कडेवर दिलं. पदाजीचं फावडं तिथंच उभं होतं, ते तिनं उपसलं आणि उघाडीच्या फळीखाली घालून फळी उलटवली. शिपाई धावले तोवर बायका बांधाला भिडल्या होत्या, कुणी फावड्यानं, कुणी नुसत्या हातानं. खाडी आत शिरली, मिठागरातले बाप्ये उठून बांधावर चढले आणि त्यांच्यावर रोखलेल्या बंदुकांची दारू भिजली. वर्षभराच्या राशी, स्वतःच्या घामाच्या राशी, त्या उभ्या उभ्या विरघळताना बायका बघत राहिल्या आणि एकीच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही.

"दाणा आमचा नाय ना," धाकुबाई म्हणाली, "मग तुझापन नाय."

गुडघाभर चिखलातून शिपायांना मचव्यापर्यंत पोचता पोचता नाकी नऊ आले. बंदरात मिठाची वाट बघत उभी असलेली गलबतं रिकामी परत गेली आणि त्याचा जाब किल्ल्यावर कपितानालाच द्यावा लागला. त्याची बदली झाली म्हणतात. पुढचा आला तो मीठ मागत आला. पोरांचे बाप त्यानं विचारले नाहीत. गावानं ते वर्ष कंदमुळं आणि खाडीतल्या चिंबोऱ्यांवर काढलं. मथी गावातच वाढली, गावातच नांदली.

काही वर्षांनी वसई पडली. फिरंगी गेला. गावोगाव साखर वाटली, शिरखारानंही वाटली. ऐकणाऱ्याला इथं गोष्ट संपली असं वाटेल, पण शिरखारचे लोक यापुढचं जरा जोरात सांगतात.

साखर वाटून झाल्यावर हाशा पाटील चार मोठी माणसं घेऊन धाकुबाईच्या ओट्यावर आला. आता तो थकला होता, बोलणं गोड होतं. वहिनी, तुम्ही गावाची अब्रू राखलीत, म्हणाला. आता आपलं राज्य आलंय. आता लपवायचं कारण उरलं नाही. तेव्हा तुम्ही आणि त्या बाकीच्या म्हाताऱ्यांनी आपली रीत पुन्हा धरावी, बांगड्या उतरवाव्यात, कुंकू पुसावं.

धाकुबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"पाटील," ती म्हणाली, "फिरंगी माझी पोर मागत होता. तुम्ही माझं कपाळ मागताय. राज्य कुनाचं आलं ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या ओट्यावर दोघंबी सारखेच."

आणि तिनं चौघांच्या देखत कुंकवाचा करंडा आणवून पुन्हा एकदा कुंकू लावलं. मोठी माणसं आली तशी गेली. त्या दिवशी त्यांना कुणी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.

आजही शिरखारात कुणाचा धनी गेला, की बांगड्या फोडायला कुणी येत नाही. दहाव्याला खाडीवरून माणसं परतली की गावातली सगळ्यांत वयस्क विधवा नव्या विधवेला पूर्वेकडं तोंड करून बसवते आणि तिच्या कपाळावर अंगठ्यानं कुंकू ओढते. बोट चालत नाही, अंगठाच लागतो, लांबून दिसलं पाहिजे म्हणून. ती बाई रडत असते. म्हातारी तिला रडू देते, मोठ्यानं, आख्ख्या गावाला ऐकू जाईल असं.